विहिणीचं कोरडं पान

आमच्या गिरीजच्या घराला तिन्ही बाजूंनी केळी आहेत. मागचं दार उघडलं की पहिलं पान अंगावरच येतं. अशा घरात राहणाऱ्या माणसानं एका सकाळी जाहीर केलं, की आजपासून केळं बंद. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद, आणि साखर तर घरातच नको, कारण माझा हात जातो. हा माणूस म्हणजे माझा नवरा. अर्धं आयुष्य सरकारी कचेरीत आणि उरलेलं केळीच्या बुंध्याशी काढलेला.

मी आधी हसले. मग चिडले. चिडायला मला फार वेळ लागत नाही, हे मी शाळेत शिकवलेल्या मुलांना विचारा. मी म्हटलं, "मग खाणार काय? पानं?" तो म्हणाला, "अंडी, मासे, मटण, पालेभाज्या, खोबरं, तूप." मोबाइलवर कुणीतरी रोज त्याला हे समजावून सांगत होतं आणि तो मान डोलवत ऐकत होता. माझं मात्र चाळीस वर्षांत एवढ्या श्रद्धेनं कधी ऐकलं नाही.

पण त्याच्या टाचेला चीर पडली होती आणि ती भरत नव्हती. त्या चिरेकडे बघताना आम्हा दोघांच्याही मनात एकच गोष्ट असायची, आणि दोघंही ती बोलत नव्हतो. सासऱ्यांनाही ह्याच्यासारखाच साखरेचा आजार होता. वाडीत पाणी सोडताना त्यांच्या पायाला काहीतरी टोचलं, एवढंच निमित्त. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची वर्षं माझा नवरा त्यांना रोज संध्याकाळी खुर्चीसकट उचलून केळीत नेऊन ठेवायचा, आणि ते तिथून कुठल्या झाडाला टेकू लावायचा ते सांगायचे. "मला दोन्ही पायांनी वाडीत फिरायचंय," एवढंच तो मला म्हणाला. मी दुसरी कढई चढवली.

त्या हिवाळ्यात आम्ही नेहमीप्रमाणे सुकेळी केली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, रोज परतायची, मऊ आणि मधाच्या रंगाची झाली की सुक्या पानात बांधायची. दरवर्षी सोलता सोलता चार तरी त्याच्या पोटात जायची. त्या वर्षी बोटांना लागलेला चिकट रसही त्यानं चाटला नाही. उठला, नळाखाली हात धुतले आणि परत येऊन सोलायला बसला. मला हसू आलं नाही. लहान मुलाला उगाच शिक्षा झाली असावी, तसं वाटलं.

साखर मात्र उतरायला लागली. मशीनवर रोज सकाळी आकडा बघून तो शाळेत पहिला आल्यासारखा मला हाक मारायचा. टाचेची चीरही कडेनं भरत आली. जेवणाआधी तो इन्सुलिनचं पेन टोचून घ्यायचा, तेही चालूच होतं. जेवढं आधी तेवढंच. मी एकदा म्हटलं, "डॉक्टरांना सांगूया का, जेवण बदललंय म्हणून?" तर म्हणाला, "आता नाही. पुढच्या तारखेला एकदम रिपोर्ट टेबलावर ठेवतो. चाट पडले पाहिजेत ते." मला त्याचा तो उत्साह मोडवेना. ह्या वयात नवरा कशासाठी तरी एवढा आतुर झालेला बघायला कुणाला आवडणार नाही? सगळं तिथेच चुकलं, पण तेव्हा ते चुकतंय असं वाटावं असं काही नव्हतं. आकडे तर उतरत होते.

अशात गावातल्या चर्चचा सण आला, आणि मुलीच्या सासरचे प्रथमच आमच्याकडे जेवायला यायचे ठरले.

मुलीनं वर्षभरापूर्वी ऑफिसमधल्या मुलाशी लग्न केलं. व्याही मूळचे साताऱ्याकडचे, आता विरारला फ्लॅटमध्ये. माणसं चांगली, पण शुद्ध शाकाहारी. लग्न हॉलवर झालं, जेवण केटररचं होतं, त्यामुळे आमच्या चुलीवरचं त्यांच्या पोटात जायची वेळच आली नव्हती. मुलगी-जावई नायगावला स्वतंत्र राहतात, म्हणून एरवीही फारसा प्रश्न यायचा नाही. आता मात्र आला. मी मुलीला फोन केला.

"आई, टेन्शन नको घेऊ, सिंपल ठेव," ती म्हणाली आणि सिंपल काय ते सांगायला लागली. तिच्या सासऱ्यांची मध्ये अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे त्यांना मीठ नाही, तेल जवळजवळ नाही. सासूबाईंची नेमकी त्या दिवशी संकष्टी, त्यांना साबुदाणा चालेल. जावई हल्ली घराबाहेर चिकन खायला लागलेला, जिमच्या सरांनी सांगितलंय म्हणून; त्याला ते पाहिजे, पण नुसतं उकडलेलं. "आणि तुला?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला त्यांच्यासारखंच वाढ. मच्छीची सवयच गेली गं आता." माझ्या पोटची मुलगी, जिला मी बोंबलाच्या वासावर शाळेतून धावत घरी येताना पाहिलंय. मी फोन ठेवला आणि उगाचच ओटा पुसत राहिले.

म्हणजे एकाला मीठ नको, तेल नको, एकीला धान्य नको, एकाला चिकनशिवाय चालत नाही आणि आमच्या ह्यांना भाताचं शीतही नको. उपासाला जे चालतं ते सगळं माझ्या नवऱ्याला बंद. माझा नवरा जे खातो ते विहिणीच्या नजरेलाही पडायला नको. मी दोन नवी पातेली, कढई आणि झारा आणला, ज्यांत मासे-मटण कधी शिजलेलं नाही अशी. चिकनची चूल मागच्या अंगणात, वारा घराकडे येणार नाही अशा बाजूला मांडली. सणाला आमच्याकडे डुकराचं मटण नाही असं पहिल्यांदाच झालं. आणि चहासाठी साखरेचं पाकीट आणून नवऱ्याला दिसू नये म्हणून तांदळाच्या पिंपामागे ठेवलं.

अजून एक गोष्ट. घरी आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो आणि आमच्या बोलीत बोलतो, जी गावाबाहेरच्या माणसाला अर्धीही कळत नाही. व्याह्यांसमोर मात्र मी "अहो" म्हणायचं ठरवलं. आदल्या दिवशी सरावही केला. तो इतका हसला, की त्याला ठसका लागला.

सणाच्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो. पाहुणे जेवायच्या वेळेला येतो म्हणाले होते. त्यानं नेहमीच्या वेळी पेन टोचून घेतलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच अंड्याची भुर्जी आणि केळफुलाची भाजी ताटलीत घेतली. पाहुण्यांना वाढण्याआधी दोन घास खाऊन घ्यावेत, असा त्याचा हिशेब. पहिला घास घ्यायच्या आत गेटाशी गाडी वाजली. त्यानं ताटलीवर झाकण ठेवलं.

"खाऊन जा," मी म्हटलं.

"पाहुण्यांसमोर तोंड पुसत जाऊ का?" तो म्हणाला आणि निघाला.

सणाच्या दिवशी घरधन्यानं वाढायचं, पाहुणे जेवून उठेपर्यंत स्वतः बसायचं नाही, ही सासऱ्यांची शिस्त. शेवटच्या वर्षांत एक पाय नसतानाही ते पंगतीच्या टोकाला खुर्चीत बसून वाढपावर नजर ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी जेवायचे. नवऱ्यानं त्यांच्या बाकी शिस्ती कधीच मोडल्या, ही तेवढी पाळली.

मग सरबत झालं, तेही बिनसाखरेचं. मग त्यानं व्याह्यांना वाडी दाखवली. राजेळी केळ कुठली, वेलची केळ कुठली, पाणी कुठून येतं, शेजारच्या वाडीत कुठल्या बिल्डरनं पत्रे ठोकलेत. व्याही मातीतले, तेही रमले. विहीण माझ्याबरोबर ओटीवर बसल्या. शांत बाई. मी त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी आणली. आयुष्यात पहिल्यांदा केली होती आणि जराही गोळा न होता मोकळी झाली होती, त्याचा मला कोण अभिमान.

त्यांनी हात जोडले. "ताई, रागवू नका. मी आता नुसतं पाणी घेते. चंद्र बघूनच सोडते."

"साबुदाणासुद्धा नाही?"

"आधी खायचे. ह्यांच्या हृदयात ती स्प्रिंग टाकली ना, तेव्हापासून कडक धरलीये. पोरांना सांगितलं नाही, ती ओरडतात." त्या अंगणाकडे बघत होत्या. तिथे व्याही केळीच्या बुंध्याला हात लावून काहीतरी विचारत होते.

मी बरं म्हटलं. पण खरं सांगते, माझा विश्वास बसला नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या. नवी पातेली आणली, चिकन मागच्या अंगणात हाकललं, तरी आमच्या घरचं नकोच ना? उपास म्हटला की कुणाला विचारता येत नाही, सोयीचं असतं. असं मनात म्हणत मी ती खिचडी परत आत नेऊन ठेवली.

पान वाढायची वेळ झाली. ओटीवरच्या लांब टेबलावर नवऱ्यानं स्वतः कापून आणलेली केळीची पानं मांडली होती. विहिणींसमोरही मांडलं.

"अहो, त्यांचा उपास आहे," मी हळूच म्हटलं.

"पान तरी असू दे. पाहुण्याला पानाशिवाय बसवायचं का?"

विहीण हसल्या आणि त्या कोरड्या पानासमोर सगळ्यांबरोबर बसल्या. आम्ही जेवणाआधीची छोटी प्रार्थना म्हटली, व्याह्यांनीही हात जोडले. नवरा वाढायला लागला.

पहिली चूक माझ्या लक्षात आली ती मिठाची. व्याह्यांचं अळणी वेगळ्या वाटीत काढलेलं असताना त्यानं त्यांच्या पानात आमचं वालाचं बिरडं वाढलं. मुलीनं घाईनं ते आपल्याकडे ओढलं. मग त्यानं जावयाला भात वाढला, पुन्हा वाढला, पुन्हा वाढला. जावई "पप्पा, बस, बस" म्हणतोय आणि ह्याचं लक्षच नाही. मग डावातलं वरण पानाऐवजी टेबलावर सांडलं. तो हसला. ते हसणं मला ओळखीचं नव्हतं. गारव्याचे दिवस, आणि त्याच्या सदऱ्याची पाठ भिजलेली.

व्याह्यांनी विहिणींकडे बघितलं. जावई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मम्मी, पप्पांनी थोडी घेतलीय का आज? सण आहे म्हणून?"

लाजेनं माझं तोंड लाल झालं असणार. कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. मिस्सेहून येताना तो दोन घरी डोकावला होता. सणाला आमच्याकडे कुणी पेला पुढे केला तर नाही म्हणत नाहीत. आजच्या दिवशी? ह्या माणसांसमोर? मी दात आवळून म्हटलं, "अहो, जरा आत या." तो वळला, आणि टेबलाची कड धरून उभाच राहिला, जणू आत म्हणजे कुठे ते त्याला आठवत नव्हतं.

मुलगी उठली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली, "आई, घाम बघ! दारू नाही ही. साखर उतरलीय!"

त्याला खुर्चीत बसवलं. जावयानं धावत जाऊन मशीन आणलं. बोट टोचलं. आकडा आलाच नाही, नुसतं "लो" असं आलं. म्हणजे मशीनला मोजता येणार नाही इतकी खाली. आणि ह्यानं ते वाचलं. डोळे अर्धवट, जीभ जड, तरी वाचलं आणि चेहरा खुलला. व्याह्यांकडे बघून म्हणाला, "बघा. उतरली." रोज सकाळी मला सांगायचा, अगदी तसंच.

मी पिंपामागून पाकीट काढलं, ते फुटेना, मुलीनं दातांनी फाडलं. पेल्यात पाणी, मुठीनं साखर. मी पेला त्याच्या ओठांना लावला. त्यानं ओठ मिटले.

"घ्या," मी म्हटलं. "अहो, घ्या हो."

त्यानं मान फिरवली. इतके महिने ज्या हातांनी साखर दूर ठेवली होती, त्याच हातांनी आता माझा हात ढकलला. पाणी माझ्या साडीवर सांडलं. त्याच्या अंगात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. जावयानं दंड धरले, मुलगी रडत "पप्पा, प्लीज" म्हणत होती. व्याही कुणाला तरी ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावत होते, आणि बाहेर सणाच्या गर्दीनं गल्ली भरलेली. माझं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "अरे, पी रे! मरशील! पी ना रे!" मी आमच्या बोलीत ओरडत होते. मेलेल्या सासऱ्यांची शपथ घातली. काही नाही. तो फक्त पुटपुटत होता, पुन्हा पुन्हा, तेच.

"काय म्हणतायत दादा?" विहिणींनी विचारलं.

त्यांना आमची बोली कळत नव्हती. मला सांगायला शरम वाटली, पण सांगितलं. "म्हणतोय, पाहुण्यांचं पान कोरडं आहे. मी कसा खाऊ?"

त्यांनी एकदा आपल्या पानाकडे बघितलं. मग एकदा, अगदी क्षणभर, फोन कानाला लावून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. ते बघणं मी पाहिलं. माझ्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला, त्याच्या ओठांना लागलेला, कडेला लाळ आणि साखर चिकटलेला. पदरानंसुद्धा पुसला नाही. त्याच्यासमोर वाकल्या आणि मोठा घोट घेतला, त्याला दिसेल असा, गिळताना गळा हलेल असा.

"मी घेतलं, दादा. बघा. आता तुमची पाळी."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड उघडलं.

घोट घोट करून तो पेला संपला. दुसराही संपला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सदरा कशानं भिजला?" मी तिथेच, सांडलेल्या वरणाशेजारी, खाली बसले.

ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात त्याला सलाइन लावली. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग आमच्यावर आवाज चढवला. जेवणातून भात-पाव काढला की इन्सुलिन तेवढंच ठेवून चालत नाही, ते कमी करावं लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही? आणि टोचल्यावर न जेवता पंगत वाढायची कसली हौस? नवरा पोरासारखा मान खाली घालून ऐकत होता. त्याला चाट पाडायचं होतं डॉक्टरांना. आता डोस कमी झालाय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचं ते जेवणही चालू आहे, आणि टाचेची चीर भरली. पण तो सकाळी आकडा बघून मला हाक मारत नाही. उतरला तरी भीती, चढला तरी भीती. घास घेताना तो कधीकधी माझ्याकडे बघतो, खाऊ की नको असं. मला ते बघवत नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात विहीण निघायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. "तुमचा उपास…" एवढंच मला म्हणता आलं.

"असू दे ताई," त्या म्हणाल्या. "देवाला दिसतं सगळं." पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही, आणि तो गार पडलेला होता. गाडीत बसताना त्यांनी व्याह्यांना आधी बसवलं, त्यांचा पट्टा स्वतः लावला आणि मग पट्ट्यावरून छातीवर एकदा हात फिरवला. मी दुरून बघत होते. खिचडी परत नेताना मी मनात जे बोलले होते, ते मला तेव्हा आठवलं.

माझा असल्या नवसांवर विश्वास नाही. आमचा धर्म वेगळा, आणि मी शाळेत विज्ञान शिकवलंय. पण माझ्या नवऱ्यासाठी एका बाईनं आपल्या नवऱ्यासाठी धरलेला उपास मोडला, हे काही डोक्यातून जात नाही. व्याह्यांना जरा सर्दी झाल्याचं कळलं तरी मी लगेच मुलीला फोन लावते. संध्याकाळची रोझरी संपली की मी आणखी एक प्रार्थना म्हणते, त्यांच्या हृदयासाठी. नवरा शेजारीच गुडघे टेकून असतो. त्यानं एकदाही विचारलेलं नाही, ही कुणासाठी.

विहिणींनी संकष्टीचा उपास धरणं सोडलेलं नाही. फक्त आता संकष्टीच्या सकाळी त्यांचा आधी फोन येतो. इकडचं तिकडचं काही नाही, एकच प्रश्न. "ताई, दादांनी खाल्लं का?"

फोन कानाला धरूनच मी त्याच्याजवळ जाते. तो ताटलीसमोर बसलेला असतो. मी त्याच्या कपाळावर हात ठेवते. कोरडं असतं.

"खाल्लं," मी सांगते. "तुम्ही धरा आता."